खलनायक सोपा, मानपान अवघड

अनेक महावीर एकत्र येऊन एखाद्या पुरातन दुष्टाचा नायनाट करतात, अशा कॉमिकमध्ये सर्वांत कमी मेहनतीचं काम नायनाटाचं असतं. ते शेवटच्या चार-पाच पानांत उरकतं. त्याआधीची सगळी पानं कोण कोणाच्या हद्दीत न विचारता शिरला, कोणी कोणाला ओळखलं नाही, गैरसमजातून कोण कोणावर धावून गेला आणि अखेर सगळे एका रांगेत उभे राहिले तेव्हा मधोमध कोण, या चौकशीत जातात. १९७६ साली अमेरिकेतल्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपापला लाडका वीर, सुपरमॅन आणि स्पायडरमॅन, एकाच पुस्तकात आणला. दोघं मिळून खलनायकांना लोळवणार हे ठरलेलंच होतं. पुस्तकाचं नाव मात्र ‘सुपरमॅन विरुद्ध स्पायडरमॅन’. आधी एकमेकांना बुकलून काढल्याशिवाय मैत्री करणं दोघांच्याही इभ्रतीला शोभलं नसतं. पुढे याच कंपन्यांनी आपली अख्खी पथकं, जस्टिस लीग आणि अ‍ॅव्हेंजर्स, एकत्र आणायचं मनावर घेतलं. तो बेत १९८३ मध्ये आपसातल्या वादात बुडाला आणि पुस्तक निघालं ते थेट २००३ मध्ये. त्यातला मुख्य दुष्ट क्रोना. विश्वाचा जन्म कसा झाला हे बघायचंच या हट्टानं पेटलेला, मानवजातीच्याही आधीचा. तो चार अंकांत आटोपला. दोन कार्यालयांचं एकमेकांशी जमायला वीस वर्षं लागली. आणि जमलं तेव्हाही पहिल्या आणि तिसऱ्या अंकावर जस्टिस लीगचं नाव आधी, दुसऱ्या आणि चौथ्या अंकावर अ‍ॅव्हेंजर्सचं. वरपक्ष आणि वधूपक्ष यांच्या पंगती आलटून-पालटून उठवणाऱ्या आपल्याकडच्या अनुभवी व्याह्यांनी हा तोडगा पाच मिनिटांत काढला असता.

यावरून एक सिद्धांत मांडता येतो, आणि त्याचे पुरावे न्यूयॉर्कपेक्षा उज्जैनच्या क्षिप्राकाठच्या रामघाटावर जास्त चांगले सापडतात. सिद्धांत असा, की अशा कथांमध्ये खलनायक हे निमित्त असतं. खरा विषय असतो मानपान. एकट्याच्या बळावर जग हलवू शकणाऱ्या मंडळींना एका कामावर एकत्र कसं उभं करायचं, कोणाला काय द्यायचं, कोणाचं काय काढून घ्यायचं आणि कोणीही रुसून घरी जाणार नाही हे कसं बघायचं, यावर कथा चालते. अमेरिकेत हे गणित पहिल्या झटक्यात जमलं नाही. १९६३ साली अ‍ॅव्हेंजर्स हे पथक पहिल्यांदा एकत्र आलं ते लोकीमुळे, म्हणजे उत्तर युरोपच्या पुराणांतून उचललेल्या एका जुन्याजाणत्या खोडसाळ देवामुळे. पहिल्या अंकात लोकी हरला. दुसऱ्या अंकात हल्क पथक सोडून गेला. शत्रूनं केलं नाही एवढं नुकसान सोबत्यांच्या वागण्यानं केलं.

आता उज्जैनकडे. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडानुसार अवंती नगरीला उज्जयिनी हे नाव मिळालं ते शंकरानं त्रिपुरावर मिळवलेल्या विजयामुळे. म्हणजे शहराची पाटीच एका महावीर-संमेलनाची आठवण म्हणून लागलेली आहे. हे संमेलन मूळ तपशिलात बघण्यासारखं आहे. तारकासुराची तीन मुलं. त्यांना ब्रह्मदेवाकडून वर मिळालेला. मयासुरानं बांधलेली सोन्याची, चांदीची आणि लोखंडाची अशी तीन फिरती नगरं. हजार वर्षांनी ती एका रेषेत येणार आणि त्याच क्षणी एकाच बाणानं तिन्ही फोडली तरच राक्षस मरणार. वरवर पाहता ही युद्धाची अडचण वाटते. प्रत्यक्षात ती वेळापत्रकाची अडचण आहे, आणि वेळ देवांकडे भरपूर होता. तो कशात गेला? रथ बांधण्यात. पृथ्वीचा रथ झाला, सूर्य-चंद्र चाकं झाले, वासुकी दोरी झाला, ब्रह्मदेव सारथी झाले, विष्णू बाण झाले, अग्नी बाणाचं टोक झाला. विश्वातल्या एकाही मान्यवराला मोकळं ठेवलेलं नाही. महाभारतात तर रथ जमिनीत रुतल्यावर बाणातून बाहेर येऊन, बैल होऊन तो उचलण्याचं कामही नारायणालाच करावं लागतं. मुख्य कलाकाराला एकाच खेळात दोन भूमिका देण्याची पद्धत नाटक मंडळ्यांच्या बरीच आधीची आहे.

त्यातही सर्वांत नाजूक प्रश्न शक्तीच्या वाटपाचा. कर्णपर्वात शंकर देवांना सांगतात, माझं अर्धं तेज घ्या आणि तुम्हीच मारा. देव म्हणतात, आम्हाला ते पेलायचं नाही, त्यापेक्षा आमचं अर्धं तुम्ही घ्या. हा संवाद वाचताना वाटतं की दोन्ही बाजूंना परिणाम चांगला ठाऊक होता. शंकरांनी सगळ्यांचं अर्धं-अर्धं घेतलं आणि ते सगळ्यांहून मोठे झाले, महादेव झाले. एकजुटीसाठी वर्गणी गोळा करावी आणि शेवटी खजिनदारच अध्यक्ष व्हावा, हे त्यानंतर आजतागायत चालू आहे. बरं, एवढी जुळवाजुळव करूनही एक आमंत्रण राहिलंच. गणपतीची पूजा न करता शंकर निघाले, आणि कार्यात विघ्न आलं. आपल्या अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती याच प्रसंगाशी जोडलेला आहे. त्याची आराधना केली, मग त्रिपुराचा निकाल लागला. स्वतःच्या मुलाला बोलवायचं राहून गेलं, एवढ्या एका चुकीपायी तिन्ही लोकांचं सैन्य अडून बसलं होतं. यावर कळस म्हणजे काही पुराणांत शंकरांनी नुसतं हसून किंवा नजर टाकून ती नगरं जाळली असं येतं. म्हणजे रथ, दोरी, बाण, सारथी कशाचीच गरज नव्हती. तरीही बाण सोडला गेला. सोडला नसता तर बाण झालेल्या विष्णूंना काय सांगणार होते?

कोणी म्हणेल, ही तुमची चेष्टा आहे. मूळ कथाकारांच्या मनात मानपान नव्हता, ती कथा भक्तीची आहे. याला उत्तर म्हणून महाभारतात ही कथा कोण, कोणाला आणि कशासाठी सांगतो ते पाहावं. सांगतो दुर्योधन. ऐकतो शल्य. प्रसंग असा, की कर्णाला कृष्णाच्या तोडीचा सारथी हवा आणि तसा एकटा मद्रराज शल्य. शल्य संतापलेला, की मी मुकुटधारी राजा, सूतपुत्राचे घोडे हाकू? तेव्हा दुर्योधन त्याला त्रिपुराची गोष्ट सांगतो: बाबा रे, प्रत्यक्ष ब्रह्मदेव सारथ्याला बसले होते, सारथी होण्यात कमीपणा कसला? म्हणजे आपल्याकडच्या एका थोर संमेलनाची कथा ऐन युद्धात सांगितली गेली ती एका रुसलेल्या मानकऱ्याची समजूत काढायला. त्रिपुरासुरावर इथे कोणाचं लक्षही नाही. शल्य मान्य करतो, पण अट घालून: कर्णाला मी वाटेल ते बोलेन. आणि तो बोलतोही, रणांगणावर, पानंच्या पानं. मानपानाचा हिशेब अर्धवट मिटवून पथक पुढे नेलं तर काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण कोणत्याही कॉमिक कंपनीकडे नाही.

रामघाटाचा मोठेपणा मात्र दुसऱ्या एका आघाडीवर उभा आहे. समुद्रमंथन. या आघाडीत विशेष हा, की नायक आणि खलनायक दोघंही एकाच पथकात आहेत, आणि मुख्य शत्रू म्हणजे म्हातारपण आणि मरण. यापेक्षा पुरातन दुष्ट कोणी शोधून दाखवावा. मंदार पर्वताची रवी, वासुकीची दोरी, सगळं तयार. आणि पहिलं भांडण कशावरून? भागवतात ते स्पष्ट आहे. विष्णूंबरोबर देवांनी वासुकीचं तोंड धरलं. असुर म्हणाले, शेपटी आम्ही धरणार नाही. आम्ही शिकलेसवरलेले, कुळाचे चांगले, शेपटी हे अमंगळ अंग. विष्णूंनी हसून तोंड त्यांना दिलं आणि देवांना शेपटीकडे नेलं. मग घुसळण सुरू झाल्यावर वासुकीच्या तोंडातून जाळ आणि धूर निघाला, आणि मानाच्या जागेवरचे असुर भाजून निघाले. पुढे हलाहल निघालं तेव्हा ते कोणी घ्यायचं यावर मात्र एका शब्दाचाही वाद झाला नाही. सगळे एकमतानं शंकराकडे धावले. मंथनातून बाहेर पडलेल्या रत्नांच्या यादीत विनय नाही, हे लक्षात घ्यावं.

अमृताचा कुंभ निघाल्यावर इंद्राचा मुलगा जयंत तो घेऊन पळाला, आणि पळताना थेंब सांडले ते हरिद्वार, प्रयाग, नाशिक आणि उज्जैन इथे. कुंभ सांभाळायला चार ग्रह नेमले होते अशी वाटणी सांगितली जाते. चंद्रानं तो सांडू दिला नाही, सूर्यानं फुटू दिला नाही, गुरूनं दैत्यांना पळवू दिला नाही, आणि शनीकडे काम होतं ते जयंतानंच पिऊन टाकू नये म्हणून पाळत ठेवण्याचं. चारपैकी एक पूर्णवेळ माणूस आपल्याच माणसावर लक्ष ठेवायला! संघटना चालवलेल्या कोणालाही हा शनी आपल्या ओळखीचा वाटेल. चंद्राच्या खात्याचं काम मात्र नीट झालेलं दिसत नाही, नाहीतर हे थेंब सांडलेच नसते. अर्थात त्याच्या निष्काळजीपणामुळेच रामघाटाला बरकत आली, त्यामुळे चौकशी समिती नेमण्यात कोणालाही रस नाही. महाभारतात किंवा भागवतात जे मंथन आहे त्यात थेंब सांडल्याचा हा भाग नाही, तो नंतर जोडला गेला. कॉमिकवाले हेच करतात. जुन्या अंकात जे घडलंच नाही ते नव्या अंकात ‘तेव्हाच घडलं होतं, तुमच्या लक्षात आलं नाही’ असं सांगतात, आणि वाचक मान डोलावतो. कारण त्याला आपल्या गावाचं नाव त्यात आल्याचा आनंद जास्त असतो.

उज्जैनचं नाव त्यात पक्कं बसवण्यात मराठी हात आहे, असं अभ्यासक मानतात. अठराव्या शतकात माळव्यात शिंद्यांचा अंमल बसला, तेव्हा राणोजी शिंद्यांनी नाशिकच्या सिंहस्थाला जमणाऱ्या साधूंना उज्जैनला बोलावलं आणि इथला मेळा उभा राहिला. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं मंदिर पुन्हा उभारलं तेही त्याच काळातलं. दोन्ही सिंहस्थांना गुरू सिंह राशीतच लागतो. नाशिकला सूर्यही सिंहेत हवा, उज्जैनला तो मेषेत. त्यामुळे नाशिकचा मेळा आटोपला की वर्षभराच्या आत तीच पात्रं उज्जैनला हजर, जसं २०१५ नंतर २०१६ ला झालं. गाजलेल्या मालिकेतली पात्रं दुसऱ्या मालिकेत पाहुणी म्हणून आणून ती चालवण्याचा हा प्रयोग राणोजींनी केला तेव्हा सुपरमॅनच्या जन्माला दोनशे वर्षं अवकाश होता.

पात्रं आली की मानपान आलाच. तेरा आखाडे, त्यांतले सात शैव, तीन वैष्णव आणि तीन उदासी-निर्मल परंपरेचे. नाशिकला गोदेत कोणी आधी उतरायचं यावरून अठराव्या शतकात शैव-वैष्णवांत रक्तपात झाला, आणि पेशव्यांच्या अमलात तोडगा निघाला: वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर स्नान करावं, शैवांनी त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. सुमारे तीस किलोमीटरचं अंतर ठेवून साधलेला हा एकोपा आजही टिकून आहे. उज्जैनला नदी अरुंद, गाव एकच, तर तिथे तोडगाही आटोपशीर निघाला. शाही स्नानाला वैष्णव रामघाटावर, शैव समोरच्या काठावर दत्त आखाड्याच्या घाटावर. मध्ये क्षिप्रा. पाणी एक, पुण्य एक, मुहूर्त एक, काठ दोन. २०१६ च्या सिंहस्थात २२ एप्रिल, ९ मे आणि २१ मे अशी तीन शाही स्नानं झाली, आणि प्रत्येक वेळी कोणता आखाडा किती वाजता निघणार, कोणत्या वाटेनं येणार आणि किती वेळात पाण्याबाहेर पडणार हे प्रशासनानं मिनिटांवर आखलेलं होतं. हा तक्ता डोळ्यांसमोर आणला की जस्टिस लीग आणि अ‍ॅव्हेंजर्स यांची नावं आलटून-पालटून छापणारे संपादक फारच सुखवस्तू वाटायला लागतात. त्यांच्या नायकांना हत्ती, पालख्या आणि त्रिशूळ घेऊन एकाच पुलावरून यायचं नव्हतं.

इथे गंभीर आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. स्नानाचा क्रम म्हणजे हौस नाही. तो मोडला तर चेंगराचेंगरी होते, माणसं मरतात. हे खरंच. आणि म्हणूनच मानपानाला मी दोष देत नाही. माझ्या मते एवढ्या बलाढ्य लोकांना एकत्र ठेवण्याची ती एकमेव चालू स्थितीतली यंत्रणा आहे. दुबळ्यांना एकत्र आणायला भीती पुरते. ज्याला कोणाचीच गरज नाही त्याला एकत्र आणायला मान द्यावा लागतो. उज्जैनचाच पुरावा घ्या. शिवपुराणात महाकाल प्रकट होण्याची जी कथा आहे, तीत दूषण नावाचा राक्षस अवंतीवर चालून येतो. शंकर जमिनीतून प्रकट होतात, एक हुंकार करतात, दूषणाची राख होते. बस्स. रथ नाही, सारथी नाही, बाण नाही, गणपतीचा रुसवा नाही. एकट्या नायकाची कथा एका हुंकारात संपते; संमेलनाची कथा हजार वर्षं चालते. फरक खलनायकाच्या ताकदीत नाही. फरक व्यासपीठावर किती जणांना बसवायचं आहे, यात आहे.

उज्जैनकरांनी ही यंत्रणा किती घोटून घेतली आहे, ते कार्तिकात दिसतं. चातुर्मासात विष्णू झोपलेले, त्यामुळे सृष्टीचा कार्यभार शंकरांकडे. वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री महाकालाची पालखी थाटामाटात गोपाळ मंदिरात जाते. हे मंदिर दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधवलेलं. तिथे महाकालाच्या बाजूनं बेलाची माळ गोपाळाला आणि गोपाळाच्या बाजूनं तुळशीची माळ महाकालाला दिली जाते, आणि कार्यभार विष्णूंकडे परत सोपवला जातो. बारकावा असा, की विष्णू एकादशीलाच जागे झालेले असतात. रुजू होऊन कार्यभार प्रत्यक्ष हातात यायला तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा, ज्या दिवशी याच विष्णूंना बाण करून याच शंकरांनी त्रिपुर जाळलं, आणि लोक रामघाटावर स्नानाला लोटतात. श्रावणी सोमवारी महाकालाची सवारी निघते तेव्हा मंदिराच्या दाराशी सशस्त्र पोलीस देवाला सलामी देतात, आणि पालखी रामघाटावर येऊन क्षिप्रेच्या पाण्यानं अभिषेक होतो. या सवाऱ्या उत्तरेकडच्या पंचांगातला भाद्रपद निम्मा सरेपर्यंत चालतात. मराठी पंचांगात तेव्हा श्रावणच चालू असतो. दोन पंचांगांनाही इथे आळीपाळीनं मान मिळाला, देव दोन्हींकडे गेला.

माणसांच्या बाबतीतही उज्जैनची सवय तीच. विक्रमादित्याची नवरत्नं घ्या. धन्वंतरी, क्षपणक, अमरसिंह, शंकू, वेतालभट्ट, घटकर्पर, कालिदास, वराहमिहिर, वररुचि. ही यादी ‘ज्योतिर्विदाभरण’ या ग्रंथात येते, आणि तो बराच उशिराचा मानला जातो. विक्रम संवत मोजायचं इसवी सनापूर्वी ५७ पासून, वराहमिहिर सहाव्या शतकातला, कालिदास त्याच्याही आधीचा. वेगवेगळ्या शतकांतले नायक काळाची भिंत फोडून एका दरबारात! क्रोनाच्या लेखकांनाही दोन विश्वं एकमेकांवर आदळवावी लागली होती, इथे एका श्लोकात काम झालं. समोर शत्रू कोण, तर शक, म्हणजे घोड्यावरून येणारे कसलेले लढवय्ये. आणि त्यांच्याविरुद्धच्या पथकात एक वैद्य, एक ज्योतिषी, एक शब्दकोशकार आणि एक व्याकरणकार. शकांनी माघार का घेतली असेल याची कल्पना करता येते. विशेष म्हणजे ग्रंथ कालिदासाच्या नावावर आहे, आणि त्यात कालिदासाचा नंबर सातवा, घटकर्पराच्या मागे. ज्यानं कोणी हे नाव वापरलं त्याला कवीचा स्वभाव माहीत नसावा. खऱ्या कवीनं स्वतःची यादी केली असती तर नवरत्नांतली आठ रत्नं तळटिपेत गेली असती.

राहिले दोन आक्षेप. पहिला भाविकांचा: देवांच्या कथा आणि कॉमिक यांना एका पंक्तीला बसवणं बरोबर नाही. पण ती पंगत देवभक्तांनीच मांडली. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली आणि पुराणं चौकटींत आली. पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी त्या मालिकेतले कितीतरी अंक रंगवले, आणि १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज आला तेव्हा तोही त्यांच्याच हातचा. देवाचे दंड आणि नागराजाचे दंड एकाच कुंचल्यातून आले. कोणाच्या भावना दुखावल्याचं ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप जरा चतुर आहे. कॉमिक कंपन्या नायकांना एकत्र आणतात ते खप वाढावा म्हणून, पुराणांमागे तसला धंदा नव्हता. यावर अवंतीखंडाकडे बोट दाखवावंसं वाटतं. त्यात उज्जैनच्या चौऱ्याऐंशी महादेवांचं माहात्म्य आहे, प्रत्येक लिंगाला स्वतंत्र कथा, प्रत्येक कथेत कोणी ना कोणी प्रख्यात पाहुणा, आणि शेवटी दर्शनाचं फळ. चौऱ्याऐंशी अंकांची मालिका, पुढचा अंक पुढच्या गल्लीत. यात्रा पूर्ण करायची तर सगळे घ्यावे लागतात. रामघाटालाही रामानं येऊन दशरथाचं श्राद्ध केलं या पाहुण्या भूमिकेचाच आधार आहे, आणि आजही लोक तिथे पिंडदान करतात. यात कमीपणा कसला? ज्या स्थळाकडे मोठा पाहुणा आला नाही, त्याचं माहात्म्य कोण वाचणार? सप्तर्षींचंच बघा. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल मंदिरालगतच्या ‘महाकाल लोक’ या परिसराचं उद्‌घाटन झालं तेव्हा सातही ऋषी एकत्र उभे केले होते. २०२३ च्या मे महिन्यात वादळ आलं आणि सातांपैकी सहा पुतळे आडवे झाले. वायुदेवाचा मान कुठे राहिला होता का, हे कोणी तपासलं नाही. चर्चा फायबरच्या दर्जाची झाली.

सिद्धांताची खरी परीक्षा मात्र जिथे मान मिळण्याची सोय नाही तिथे होते. रामघाटाचा सध्याचा शत्रू ना त्रिपुरासुर, ना दूषण. तो आहे वरून येणारं मैलं पाणी. कान्ह नदी इंदूरमधून वाहते, उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीजवळ क्षिप्रेला मिळते, आणि शहराची घाण बरोबर आणते. इंदूर म्हणजे २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या स्पर्धेत सलग अव्वल ठरलेलं गाव. या शत्रूला ब्रह्मदेवाचा वर नाही, तीन नगरं नाहीत, मुकुट नाही, संवाद नाहीत. त्याचं चित्र काढलं तर अंक विकला जाणार नाही. त्याला मारायला हजार वर्षांतला एक क्षणही लागत नाही, रोज मारावं लागतं. म्हणून त्याच्यावर चाल करून जाण्याच्या मानावरून कोणताही आखाडा भांडला नाही. वासुकीचं तोंड मागायलाही कोणी पुढे आलं नाही. २०१६ च्या मेळ्यासाठी कान्हेचं पाणी नळातून घाटांना वळसा घालून पुढे सोडलं, आता २०२८ साठी त्याहून मोठा बंदिस्त मार्ग आणि बोगदा होतो आहे. म्हणजे खलनायकाचा वध न करता त्याला मागच्या दारानं पुढच्या गावाला पोहोचवण्याची व्यवस्था. पुराणांत ही युक्ती कोणाला सुचलेली नाही.

आणि घाटावरचं पाणी? क्षिप्रा उन्हाळ्यात आटते, आणि सिंहस्थ नेमका वैशाखात. तेव्हा २०१४ पासून ओंकारेश्वरच्या कालव्यातून नर्मदेचं पाणी पंपांनी सुमारे साडेतीनशे मीटर उचलून क्षिप्रेच्या उगमापाशी, उज्जैनी गावाजवळ, सोडलं जातं. २०१६ मध्ये शैव आणि वैष्णव दोन काठांवरून ज्या पाण्यात उतरले, त्यात मोठा वाटा या पाहुणीचा होता. या प्रकल्पाचं नाव ‘नर्मदा-क्षिप्रा सिंहस्थ लिंक’, म्हणजे इथे तरी नर्मदेचं नाव आधी आलं. घाटावर गुरुजी संकल्प सांगतात तो फक्त क्षिप्रेचा.